तेहेतीस छातीचा लेफ्टनंट

बारक्याचे वडील कधीच सैन्यात नव्हते, म्हणून सगळी गल्ली त्यांना मेजर म्हणायची.

नोकरी त्यांनी पाणीपुरवठ्यात केली. उभी हयात लोकांच्या जिन्याखाली वाकून पाण्याचे मीटर वाचले. पण त्याआधी, मिसरूड फुटायच्या वयात, ते भरतीला गेले होते. ती हकिगत घरात इतक्या वेळा सांगून झाली होती, की बारक्याला ती स्वतःचीच आठवण वाटायची. उघड्या अंगाने रांगेत उभं राहायचं. एक माणूस टेप घेऊन येतो, छातीभोवती गुंडाळतो, "फुगव" म्हणतो. बाबा फुगवतात. देवाने दिली तेवढी सगळी फुगवतात. तो माणूस टेप सोडतो, "बाद" म्हणतो आणि पुढच्याकडे वळतो.

"तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही," असं बाबा दर वेळी शेवटी म्हणायचे. त्यानंतर थोडा वेळ कोणी काही बोलायचं नाही, अशी घरात पद्धत होती. आई त्या वेळात भांडी आवरून घ्यायची.

पुढे कधीतरी जुन्या सामानाच्या एका दुकानात बाबांना ब्रिटिश फौजेचा समारंभी कोट दिसला. लाल बनातीचं जाड लोकरी कापड, गळ्याशी सोनेरी जर, पितळी बटणांची ओळ. खिशात टेप असायचीच. त्यांनी कोटाची छाती मोजली आणि तिथेच एका मोडक्या खुर्चीवर बसले. तो कोट ज्या कुणा साहेबाचा होता, त्याची छाती त्यांच्या भरतीच्या वेळच्या छातीपेक्षा अर्धा इंच कमी होती.

"म्हणजे त्या काळी आपण चाललो असतो," ते घरी येऊन आईला म्हणाले.

"त्या काळी त्यांनी तुम्हाला दाराबाहेर चपला सांभाळायला ठेवलं असतं," आई म्हणाली.

पण बाबांच्या कानात ते गेलं नाही. एखाद्या साम्राज्याने आपल्याला पास केलं असतं ही कल्पना माणसाला कुठवर नेईल, सांगता येत नाही. बाबांना तिने मागच्या खोलीपर्यंत नेलं. मागची खोली बारक्याची होती. हळूहळू तिथे तोफखान्याचा निळा कोट आला, बँडवाल्याचा आला, रायफल पलटणीचा काळपट हिरवा आला. बंद पडलेल्या कपड्यांच्या दुकानातून त्यांच्यासाठी डमी आल्या. आणि एके दिवशी बारक्याची गादी पॅसेजमध्ये आली, कारण माणसाच्या श्वासाने जर काळी पडते, असं बाबांना कोणीतरी सांगितलं होतं.

स्वतः बाबांनी मात्र एकही कोट कधी अंगात घातला नाही. एक तर कोट घ्यायची ऐपत येईतो पोट आलं होतं. आणि दुसरं म्हणजे नियम होते. कपडा धुवायचा नाही. कपड्याला सुई-कात्री लावायची नाही. आणि कपडा कुणाही माणसाने अंगात घालायचा नाही, शंभर वर्षांची शिवण आहे, एका जांभईत उसवते. हे नियम संग्राहक लोकांत धर्मासारखे पाळले जातात. म्हणजे जरा जास्तच.

घरात दोन मुलगे. थोरला दादा व्यायामशाळा चालवायचा. छाती चव्वेचाळीस. पाहुणे आले की बाबा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "हा माझा थोरला. छाती बघा." मग बारक्याकडे हात जायचा. "आणि हा."

बस्स. पुढे काही नाही. लहानपणी बारक्याला वाटायचं, वाक्य पूर्ण व्हायचं राहिलंय, आपण थांबलो तर होईल. तो पाहुण्यांसमोर थांबून राहायचा. आता तो सव्वीस वर्षांचा होता, लिफ्टच्या एका कंपनीत फोनवर बसायचा, लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना "घाबरू नका, हलू नका, श्वास शांत घ्या" असं सांगायचा पगार घ्यायचा, आणि अजूनही थांबलेलाच होता. त्याला फार काही नको होतं. चार लोकांत बाबांनी एकदा म्हणावं, "हा माझा मुलगा." छातीचा उल्लेख नसता तरी चालला असता.

मग तो लेफ्टनंट आला.

पायदळातल्या लेफ्टनंटचा समारंभी कोट, आतून पांढरं रेशमी अस्तर, आणि मुख्य म्हणजे आठच्या आठ बटणं मूळची. मूळची बटणं म्हणजे काय, हे बाबांनी जेवताना समजावून सांगितलं. ती पलटण पुढे दुसऱ्या पलटणीत विरली, बटणाचा साचा मोडला, आणि आता यातलं एक हरवलं तर माणूस हयातभर शोधत बसला तरी दुसरं मिळेल याची खात्री नाही. "माणूस मिळतो," बाबा म्हणाले, "बटण मिळत नाही."

कसर असेल नसेल म्हणून कोट आधी प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायचा असतो. थंडीने कसरीची अंडी मरतात. त्या काळात आईला मटार हवे असले, की आधी लेफ्टनंट बाहेर काढायचा, मांडीवर घ्यायचा, मटार काढायचे आणि लेफ्टनंट परत आत.

"नवऱ्याची सवत फ्रीझरमध्ये असते, असं मी कुठे ऐकलं नव्हतं," आई म्हणाली.

"सवत तुझी असेल, माझी कशी?" बाबा म्हणाले. मुद्दा बरोबर होता, पण त्यामुळे आईचा राग गेला नाही.

कोट बाहेर आला, घरच्या हवेला सरावला, आणि घोटाळा लक्षात आला. तो कुठल्याच डमीला होईना. दुकानातल्या डमी छातीने भरदार, आणि हा लेफ्टनंट म्हणजे नुसता छडीसारखा माणूस. छाती तेहेतीस. दीड महिन्यावर संग्राहकांचं वार्षिक प्रदर्शन आलं होतं. तिथे दर वर्षी पहिलं बक्षीस दाताचे डॉक्टर न्यायचे. त्यांच्याकडे परदेशी, हव्या त्या मापाला घट्ट-सैल होणाऱ्या डमी होत्या. बाबा त्यांचं नाव घ्यायच्या आधी घसा साफ करायचे.

रविवारी दादा घरी आला. बाबांचा नियमभंग इथे पहिल्यांदा झाला. त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, पण लाडक्या मुलाच्या अंगावर एकदा तो लाल रंग बघावासा वाटला असणार. "नुसता एक हात घालून बघ," ते म्हणाले. दादाने घातला. कोपरापर्यंत गेला, आणि मग पुढेही जाईना, मागेही येईना. दादाच्या कपाळावर घाम आला. बाबांच्याही आला. आईने घाईघाईने कात्री आणली. मग कोटाला कात्री लावायची नाही हे तर ठरलेलंच असल्यामुळे सगळे जण थोडा वेळ दादाच्या हाताकडे बघत राहिले.

शेवटी पावडर टाकून हात सुटला. बाबांनी कोट छातीशी धरला, अपघातातून वाचलेलं मूल धरावं तसा. आणि तेव्हा त्यांची नजर पॅसेजच्या दारात उभ्या असलेल्या बारक्यावर गेली. तोंडावर नाही. जरा खाली.

"इकडे ये," ते म्हणाले. "शर्ट काढ."

कोट त्याच्या अंगावर असा बसला, की आई नुसती "अगं बाई" म्हणाली आणि खाली बसली. खांदे खांद्यांवर, कॉलर गळ्याशी, बाह्या मनगटाच्या हाडाशी. शंभरावर वर्षांपूर्वी कुठल्याशा थंड गावात एका शिंप्याने बारक्याचं माप घेऊन ठेवलं होतं.

"पण बाबा, माणसाने घालायचा नाही ना?" बारक्या म्हणाला.

बाबांनी यावर विचार केला. ते नियमाचे पक्के होते, त्यामुळे पळवाटही नियमातूनच काढायचे. "तू कुठे घालतोयस," ते म्हणाले. "तू डमी आहेस."

इथून सगळंच सोपं झालं. डमी हलत नाही. डमी बसत नाही. डमी बोलत नाही, हा तर बाबांचा खास आवडता नियम. डमीला घाम येत नाही, म्हणून बारक्याचा चहा बंद झाला. डमी जाड होत नाही, म्हणून त्याचं रात्रीचं जेवण अर्ध्यावर आलं. कपड्याला हात लावायचा नसतो, मग उरतो तो माणूस. बारक्या नोकरीवरून आला की रोज मागच्या खोलीत, स्वतःच्याच जुन्या खोलीत, भिंतीवरच्या एका खिळ्याकडे बघत उभा राहायचा. "घाबरू नका, हलू नका, श्वास शांत घ्या." दिवसभर लोकांना सांगायचं ते संध्याकाळी स्वतःला सांगायचं.

"अहो, पोराची बरगडी न् बरगडी दिसायला लागली," आई म्हणायची.

"दिसू दे. अस्तराच्या आतच राहणार आहे," बाबा म्हणायचे.

तुम्हाला वाटेल, बारक्याने हे मुकाट्याने का सोसलं. त्याचं कारण टेप.

रोज उभं राहायच्या आधी बाबा त्याची छाती मोजायचे. टेपचं टोक पुढे धरायचे, आणि दुसरं टोक पाठीमागून फिरवून आणताना त्यांचे दोन्ही हात बारक्याभोवती यायचे. क्षणभर त्यांची हनुवटी त्याच्या खांद्याला लागायची. डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा. "सोड श्वास," ते हळू म्हणायचे. "फुगवू नकोस. हां. तेहेतीस." आणि हे "तेहेतीस" ते असं म्हणायचे, की दादाच्या चव्वेचाळीसला ते कधी तसं म्हणाले नव्हते. बारक्याचा सगळा दिवस त्या एका आकड्याच्या आशेवर जायचा. कधी कधी तो मुद्दाम जरा हलायचा, म्हणजे पुन्हा मोजावं लागेल.

प्रदर्शन बॅडमिंटनच्या हॉलमध्ये होतं. पदकवाले एका बाजूला, तलवारवाले दुसऱ्या, मध्ये गणवेशवाले. बाबांनी बारक्याला सकाळीच कोनाड्यात उभं केलं. वर टोकदार हेल्मेट, हनुवटीखाली साखळी, पायात दादाचे जुने बूट, पुढे कागद कोंबलेले. तोंडाला आईची पावडर. बाजूला एक पाटी, तिच्यावर कोटाची, पट्ट्याची, हेल्मेटची माहिती सुवाच्य अक्षरात. बुटांचीसुद्धा होती.

लोक येऊन बघत होते. एका बाईंनी त्याच्या बाहीला बोट लावलं. "बनात काय सुरेख आहे," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "चेहरा तेवढा जमला नाही यांना."

"खालचा ओठ जरा लोंबतोय," नवरा म्हणाला.

बारक्याने ओठ घेतला आत. ती बाई किंचाळली आणि हॉलमध्ये बातमी पसरली, की मेजरची डमी जिवंत आहे. गर्दी झाली. पदकवाले पदकं सोडून आले. बाबा कोनाड्याशेजारी ताठ उभे होते, आणि बारक्याला हेल्मेटच्या कडेखालून त्यांचा अर्धा चेहरा दिसत होता. इतका खूश अर्धा चेहरा त्याने घरात पाहिला नव्हता. आता कोणीतरी विचारणार, त्याला वाटलं. आता विचारतीलच.

परीक्षक म्हणून एक निवृत्त कर्नल होते. त्या सबंध हॉलमध्ये खराखुरा फौजी तेवढा एकच, म्हणून सगळे त्यांना खरे कर्नल म्हणायचे. ते काठी टेकत आले, कोट वरून खाली बघितला, खालून वर बघितला.

"हा कोण?" त्यांनी विचारलं.

बाबांनी टाचा जुळवल्या. "पायदळ, लेफ्टनंट, सर. राणीच्या शेवटच्या काळातला. बटणं मूळची."

"ते दिसतंय हो. आतला कोण?"

बारक्याचा श्वास थांबला. हेल्मेटच्या साखळीने हनुवटी काचत होती. बाबांनी कोटाकडे एकदा बघितलं, आतल्याचा त्यांना क्षणभर विसरच पडला असावा.

"आतला होय," ते म्हणाले. "आतला घरचाच आहे."

खरे कर्नल हुंकार देऊन पुढे गेले.

पहिलं बक्षीस बाबांना मिळालं. मंचावर त्यांनी आभार मानले. कोट मिळवून देणाऱ्या दुकानदाराचे मानले. बुटांबद्दल थोरल्या चिरंजीवांचे मानले, दादा पहिल्या रांगेत होता, उठून वळला, लोकांनी छाती बघितली. आईचे मानले, तिने फ्रीझर दिला म्हणून. मग ते थांबले, आणि बारक्या हॉलच्या टोकाला कोनाड्यात इतका ताठ झाला, की शिवणीने बारीक आवाज केला.

"आणि अर्थातच," बाबा म्हणाले, "ज्याने तो कोट पहिल्यांदा शिवला, त्या अज्ञात शिंप्याचे."

टाळ्या पडल्या. बारक्याला वाजवता आल्या नाहीत, हातमोजे जुने होते.

संध्याकाळी दाताचे डॉक्टर आले. गोल, गोरे, हसतमुख गृहस्थ. आधी त्यांनी बारक्याला "आ कर" म्हटलं आणि दात बघितले. "अक्कलदाढ वाकडी आहे," ते म्हणाले. मग बाबांकडे वळले. "मेजर, सरळ बोलतो. माझ्याकडे हुसार घोडदळाचं निळं जॅकेट आहे. छातीवर सोन्याच्या गोफांच्या ओळी. तुम्ही तीन वर्षं त्याच्यापुढे उभे राहून सुस्कारे टाकताय. ते घ्या, मला हा लेफ्टनंट द्या."

बाबांचा चेहरा लाल कोटासारखा झाला. "लेफ्टनंट द्यायचा?"

"पण नुसता कोट मी घेणार नाही. माझ्या एकाही डमीला तेहेतीस होत नाही, खालची मर्यादा छत्तीस. तेव्हा दर रविवारी हा असाच आतल्यासकट हवा. माझ्याकडे माणसं येतात बघायला. तेहेतीसची डमी बाहेरून मागवली आहे, ती येईपर्यंत."

"त्याचं काही नाही," बाबा लगेच म्हणाले. "रविवारी तो मोकळाच असतो."

बारक्या तोंड उघडणार होता. पण कोट अंगात होता, आणि कोट अंगात असताना बोलायचं नाही. घरी जाताना बाबा गाडीत पुढे निळं जॅकेट मांडीवर घेऊन बसले होते, आणि वाटेत एकदा त्यांनी मागे वळून म्हटलंही, "तिकडे नीट उभा राहा. आपलं नाव जायला नको."

"बाबा, पण मला विचारलं का कोणी?"

"काय विचारायचंय?" बाबांनी खरंच कुतूहलाने विचारलं.

"त्यांच्याकडे बघायला याल ना तुम्ही?"

"येणार की. लेफ्टनंट आहे तो माझा," बाबा म्हणाले.

मग रविवार सुरू झाले. डॉक्टरांच्या दवाखान्यावरच्या मजल्यावर एक दिवाणखाना होता, काचेची कपाटं, मऊ दिवे. बारक्या मधोमध एका लाकडी चौथऱ्यावर. समोर भिंतीवर एक खिळा होता. प्रत्येक घरात एक असतोच.

डॉक्टरांच्या घरी एकच अडचण होती. काकू. डॉक्टरांच्या बायकोला संग्रहातलं काही कळत नसे, आणि त्यांना उभा माणूस बघवत नसे. पहिल्याच रविवारी पाहुणे गेल्यावर त्या पाव-लोणी आणि उकडलेली अंडी घेऊन आल्या. "काढ बाबा ते आधी," त्या म्हणाल्या. "काढ आणि बस."

"डमी बसत नाही, काकू."

"डमीला अंडीही लागत नाहीत. पण तुझ्या तोंडाला पाणी सुटलंय, मला दिसतंय."

बारक्या बसला. तेव्हा त्यांनी विचारलं, तू करतोस काय? त्याने लिफ्टचं सांगितलं. त्या इतक्या हसल्या, की त्याला पुढची गंमत सांगावी लागली. एक माणूस लिफ्टमध्ये अडकला आणि त्याने फोनवर आधी बायकोला निरोप सांगितला, की आज घरी यायला उशीर होतोय त्याचं कारण या वेळी खरं आहे. मग आणखी एक सांगितली. आपण बोलतोय, लोक ऐकतायत, हा अनुभव त्याला नवा होता. पुढच्या रविवारी केक होता. त्याच्या पुढच्या रविवारी बटाट्याचं काहीतरी लोण्यात थबथबलेलं. त्याच्या ताटात काकू दोनदा वाढायच्या आणि तिसऱ्यांदा न विचारता वाढायच्या.

परदेशी डमी काही येईना. बाबाही येईनात. ते निळ्या जॅकेटात गुंतले होते. त्याची छाती तर एकतीस निघाली. आईने सांगितलं, की ते संध्याकाळी जिन्यात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बारीक पोरांकडे बघत असतात, लोक काय म्हणतील. घरातली टेप आता बारक्यासाठी निघत नव्हती. कोटच घरात नाही म्हटल्यावर मोजायचं कशासाठी. एकदा त्याने स्वतःच विचारलं, "बाबा, आज मोजायचं?" बाबा वर्तमानपत्रातून म्हणाले, "डॉक्टर मोजतील की."

डॉक्टर मोजत नसत. ते म्हणत, बसतोय ना, झालं.

आणि अखेर एका रविवारी बाबा आले. डॉक्टरांनी खऱ्या कर्नलना जेवायला बोलावलं होतं, त्याच्या निमित्ताने बाबांनाही. सकाळी कोट चढवताना वरचं बटण लागेना. बारक्याने पोट आत घेतलं, छाती आत घेतली, जमलं असतं तर मागचे चार महिनेही आत घेतले असते. बटण लागलं. तो चौथऱ्यावर चढला. आज बाबा येतायत, खरे कर्नल येतायत. ते पुन्हा विचारतील. त्यांना उत्तर मिळालेलं नव्हतं, आणि फौजी माणूस उत्तर घेतल्याशिवाय राहत नाही.

बाबा आले ते थेट चौथऱ्याशी. गळ्याची जर बघितली. बाहीवरची धूळ बोटाच्या टोकाने झटकली, इतक्या मायेने, की बारक्याच्या अंगावर काटा आला. मागून काठीचा आवाज आला.

"मेजर," खरे कर्नल म्हणाले, "त्या दिवशी विचारलं होतं. आतला कोण, ते काही तुम्ही सांगितलं नाही."

काकू दारात पाण्याचे ग्लास घेऊन उभ्या होत्या. डॉक्टर हसत होते. सगळा दिवाणखाना बाबांकडे बघत होता.

 बाबांची नजर कोटाच्या बगलेखाली गेली होती. तिथे बनात ताणली जाऊन तीन बारीक चुण्या पडल्या होत्या. त्यांनी खिशातून टेप काढली.

"डॉक्टर," ते म्हणाले, "आमच्याकडे होता तेव्हा हा तेहेतीस होता."

"माणूस आहे हो, खातो," डॉक्टर म्हणाले.

बाबांनी टेपचं टोक पुढे धरलं. त्यांचे दोन्ही हात बारक्याभोवती आले. हनुवटी खांद्याला लागली. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. चार महिन्यांनी. बारक्याने डोळे मिटले.

"सोड श्वास," बाबा म्हणाले.

त्याने सोडला.

"आणखी सोड."

आणखी नव्हता.

बाबांनी आकडा वाचला. मोठ्याने नाही. मग हात मागे घेतले, टेप बोटांभोवती गुंडाळली, नीट, टोकापासून टोकापर्यंत. बारक्याच्या तोंडाकडे त्यांनी बघितलं नाही.

"बाद," ते म्हणाले, आणि डॉक्टरांकडे वळले.

बारक्याने बराच काळ घ्यायचा राहिलेला, चार महिन्यांचा म्हणा, सव्वीस वर्षांचा म्हणा, असा एक श्वास घेतला. आतून अंडी, लोणी, केक, सगळे एकदम पुढे सरसावले. वरचं बटण टक् आवाज करून सुटलं, दिव्याच्या उजेडात एकदा चमकलं आणि फरशीवर टिणटिणत गेलं.

जो आवाज बाबांच्या तोंडून निघाला तो बारक्याने आधी एकदाच ऐकला होता, आजोबा गेले तेव्हा. बाबा गुडघ्यांवर आले. डॉक्टर गुडघ्यांवर आले. खरे कर्नल वाकू शकत नव्हते, ते काठीने "डावीकडे, कपाटाखाली, नाही, सोफ्याखाली" असे हुकूम सोडू लागले. दोघे गृहस्थ चार पायांवर दिवाणखानाभर फिरले. गालिचा उचलला. बाबांनी सोफ्याखाली हात घालून कुणाचा तरी जुना खोटा दात काढला आणि परत ठेवला.

"बसा हो, मिळेल," काकू म्हणाल्या. त्यांचं कोणी ऐकलं नाही. त्या बारक्याकडे बघत होत्या.

बटण घरंगळत येऊन चौथऱ्याच्या पायरीला आपटलं होतं, उडालं होतं, आणि बारक्याच्या डाव्या बुटाला टेकून निजलं होतं. सगळ्यांच्या पाठी तिकडे असताना डमीने चवडा जरासा उचलला आणि त्याच्यावर ठेवला.

बाबा रांगत चौथऱ्याशी आले. केस विस्कटलेले, गुडघे धुळीने पांढरे. त्यांनी मान वर केली, आणि थेट त्याच्या तोंडाकडे बघितलं. कॉलरकडे नाही, जरीकडे नाही. डोळ्यांत बघितलं. डोळे ओले होते. पापणी न हलवता इतका वेळ त्यांनी त्याला कधीच बघितलं नव्हतं.

"बाळा," बाबा म्हणाले. "तू वरून बघत होतास. तुला दिसलं का रे कुठे गेलं?"

कोट अजून अंगात होता. बारक्या समोरच्या खिळ्याकडे बघत उभा राहिला.